साती आसरांच्या डोहाचा वसा

ऐका साती आसरांनो, तुमच्या डोहाची कहाणी. तांदूळ हातात घ्या ग बायांनो, आणि कुजबुज पुरे.

आटपाट गाव होतं, गावाला नदी होती, नदीला डोह होता. डोहात साती आसरा, पाण्याच्या सात देवी, नांदत होत्या. काठावर दोन घरं. एका घरी राया कातडं कमवी, पाण्याच्या पखाली शिवी. त्याची बायको हौसा. दुसऱ्या घरी भोई मासे धरी. त्याची बायको मैना. दोघींचा जीव एकमेकींत. एकीला ठेच लागली की दुसरी आई ग म्हणायची.

गावाचा डोहाशी नेम होता. कातड्याचं चुन्याचं पाणी डोहात ओतू नये, माळावरच्या खड्ड्यात न्यावं. जाळ्याला बोटाएवढं पिलू लागलं तर सोडावं. आखाडात मासळी पोटात अंड्यांची गाभोळी घेऊन नदीनं वर चढते, तेव्हा तिला धरू नये. एवढाच वसा. त्याला ना सोनं लागे ना साखर.

एके वर्षी काय झालं? जत्रेच्या पखालींचं काम आलं. कातडी चुन्यात भिजली, केस खरवडून झाले, मागे राहिलं पांढरं पाणी. मग हौसेनं घागर कमरेवर घेतली, माळाची चढण पाहिली, आणि म्हणाली, "एवढा मोठा डोह, त्याला माझा घागरभर चुना म्हणजे दर्यात खसखस!" अशी खसखस सांडणाऱ्या इथंही बसल्या असतील, मी नावं घेत नाही. पहिल्या दिवशी एक घागर ओतली, कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन ओतल्या, कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी अख्खा रांजण उपडा केला.

आसरा कोपल्या. वैशाख होता, नदी आटलेली, डोह तेवढा उरलेला. त्याचं पाणी ताकासारखं झालं, झऱ्यांची तोंडं चुन्यानं बुजली, मासे दिसेनासे झाले. भोयानं सकाळी जाळं टाकलं, शेवाळ आलं. दुपारी टाकलं, लाकूड आलं. सांजेला टाकलं, त्याचंच गेल्या साली वाहून गेलेलं पागोटं आलं. "चला, डोक्याची सोय झाली," भोई म्हणाला. पण पोटाची होईना.

मग मैना हौसेच्या दारी आली. "हौसाबाय, पाणी रुसलं आमच्यावर. उद्या गाव सोडतो. माझी कोंबडी अंड्यांवर बसलीय, तिला हलवता येत नाही. तेवढी तू सांभाळ."

तोंडाशी आलेलं खरं हौसेनं गिळलं, आणि डोहावर जाऊन रडत बसली. तों एक म्हातारी आली. लुगडं ओलंचिंब, डोळे हसरे.

"बाई बाई, का रडतेस?"

"डोळ्यांत चुना गेला."

"बाई बाई, का रडतेस?"

"कातड्यासाठी बाभळीची साल कुटताना बोट चेचलं."

"बाई बाई, का रडतेस?"

मग हौसेचा बांध फुटला. "माझ्या आळसानं माझी मैना चालली, ग आजी!"

"मग मला कशाला सांगतेस? तिला सांग. आणि वसा घे. पण तू उतशील, मातशील, चढण पाहून टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, चढण पाहून टाकणार नाही."

हौसा उठली, मैनेच्या घरी गेली, सगळं सांगितलं. मैना लाल झाली. भांडं आपटलं, पाट आपटला, शब्द सापडेना म्हणून सूप आपटलं. मग म्हणाली, "रडून डोहात आणखी पाणी घालू नकोस, भवाने! उचल पखाल!"

हौसेनं जत्रेची नवी पखाल पाठीवर घेतली, मैनेनं घागर घेतली. दोघींनी पांढरं पाणी उपसलं, माळ चढल्या, खड्ड्यात ओतलं. गाळ खरवडला, झरे मोकळे केले. तोवर हौसेच्या तव्यावर दोन्ही घरं जेवली. मग डोह निवळला, आखाड लागला, नदी भरली.

एके सकाळी हौसा पाण्यात उभी होती. तों हातभर मरळ तिच्या हाताशी आली, पोट गाभोळीनं टच्च. घरात पीठ संपलेलं, उरली होती एक शिळी भाकरी. काठावर तीच म्हातारी.

"बाई, मी उपाशी. मासा दे."

"आखाड आहे, आजी."

"तुझी मैना उपाशी. तिच्यासाठी धर."

हौसेचे डोळे भरले. तों मैना मागून ओरडली, "मैनेला विचारा की! मैना खात नाही!"

"बरं, तू तरी खा."

"मी आळस खाल्ला तर डोह रिकामा झाला, आजी. मरळ खाल्ली तर काय होईल?"

मग हौसेनं मरळ वर जाऊ दिली आणि शिळी भाकरी म्हातारीपुढे ठेवली. म्हातारीनं भाकरी खाल्ली, पाण्यात उडी घेतली, आणि डोहातून साती जणींचं हसू ऐकू आलं.

कार्तिकात डोह मासळीनं गजबजला. भोयाला जाळं ओढवेना, मग रायाला हाक मारली. मैना त्याच काठावर राहिली. दोघी म्हाताऱ्या झाल्या, रोज भांडल्या, पण एकमेकींवाचून एक दिवस जेवल्या नाहीत.

जशा साती आसरा हौसेला पावल्या, तिची मैना तिच्यापाशी ठेवली, तशा तुम्हां आम्हां पावोत, सोडून निघालेलं जिवाचं माणूस दारातून माघारी येवो. साठां बोलांची ही कहाणी, पाचां बोलांत सांगितली, ऐकणारीला सांगणारीला सुफळ झाली.