शलोमीमावशीची ओळ

फार मागची गोष्ट. किती मागची म्हणून विचारू नका, मलाही ठाऊक नाही. माझ्या आधीच्यानं मला सांगितली, मी तुम्हांला सांगतो.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावातली सगळी माणसं ख्रिस्ताला मानणारी, पण लिहितावाचता एकालाही येत नव्हतं. प्रार्थना विसरली जाऊ नये म्हणून त्यांच्या पूर्वजांनी एक नामी युक्ती काढली होती. गावाची प्रार्थना एकच, आणि तिची एकेक ओळ एकेका घराला वाटून दिलेली. बापानं ती लेकाला शिकवायची, सासूनं सुनेला. रविवारी सगळे प्रार्थनाघरात जमले की एका घरानं आपली ओळ म्हणायची, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. नियम एवढाच, की ज्याची ओळ त्यानंच म्हणायची. दुसऱ्यानं म्हणायची ती ज्याची आहे त्यानं सांगितलं तरच.

त्या गावात आमोस नावाचा एक सुतार राहत होता. भक्तीत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऐकून ऐकून त्याला सगळ्या घरांच्या ओळी पाठ झाल्या होत्या, आणि हे चारचौघांत सांगायलाही तो विसरत नसे.

त्याला एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे शलोमीमावशी! ही एकटी राहणारी म्हातारी. तिच्या घराची ओळ होती, "प्रभू, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे." केवढीशी ती ओळ! पण मावशी दर रविवारी "प्रभू, तुझ्या..." एवढं म्हणायची आणि अडायची. सगळे माना खाली घालून थांबायचे. कुणी खाकरायचंसुद्धा नाही. बऱ्याच वेळानं मावशी उरलेले शब्द कसेबसे बाहेर काढायची, तेव्हा कुठे पुढचं घर सुरू व्हायचं.

आमोस मनातल्या मनात चरफडायचा. म्हातारीला साधी एक ओळ लक्षात राहत नाही, म्हणजे काय! आता हीच म्हातारी बाजारात भाव करायला लागली की तिची जीभ कशी कात्रीसारखी चालते, हे त्यानं शंभरदा ऐकलं होतं. पण रागावलेल्या माणसाला ऐकलेलंही ऐकू येत नाही, त्याला काय करणार?

एका रविवारी त्याचा धीर सुटला. मावशी अडली, तशी त्यानं खणखणीत आवाजात तिची ओळ म्हणून टाकली.

मावशीनं पदर तोंडाला लावला. मंडळीतले सर्वांत वडील याकोबबाबा म्हणाले, "आमोस, तिची ओळ तू का हिसकावलीस?"

"हिसकावली? बाबा, मी तर मदत केली! नाहीतर इथंच दुपार झाली असती."

"झाली असती तर होऊ द्यायची. तिची माफी माग."

माफी, आणि ती आमोसनं मागायची? तो ताडकन उठला. "मला सगळी प्रार्थना येते. तुमच्यावाचून माझं काय अडलंय? देव माझ्या घरातही आहे!" असं म्हणून तो चालता झाला.

बरं, देव घरात आहे हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दर रविवारी तो दार लावून बसायचा आणि सगळी प्रार्थना एका दमात म्हणायचा. "बघ, कशी झटक्यात झाली!" असं तो बायकोला, राहेलला, सांगायचा.

"झटक्यात व्हायला ती काय चटणी आहे?" राहेल म्हणायची, आणि डोक्यावर पदर घेऊन प्रार्थनाघराची वाट धरायची. घराची पाळी रिकामी जाऊ नये म्हणून तिथं ओळ आता ती म्हणायची.

पावसाळा सरता सरता राहेल तापानं अंथरुणाला खिळली. काढे झाले, लेप झाले, पण ताप हटेना. तिला कूससुद्धा बदलवेना, तेव्हा आमोस घाबरला. मूल नाही, बाळ नाही. तिच्याशिवाय त्याला जगात कुणी नव्हतं. शेजारीण विचारायला आली, तर "आमचं आम्ही बघू" म्हणून त्यानं तिला दारातूनच परत पाठवलं.

रविवार उजाडला. आमोस राहेलच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना म्हणू लागला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मग "प्रभू, तुझ्या..." आणि तो अडला.

तुझ्या मनात असेल तसं होऊ दे? आणि देवाच्या मनात हिला न्यायचंच असलं तर?

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच अडला. ती ओळ गाळून पुढे जाऊन पाहिलं, पण देवापासून काही लपवल्यासारखं वाटून तो गप्प झाला. सगळी प्रार्थना पाठ असलेला तो माणूस जमिनीला डोकं टेकून रडू लागला.

तिकडे प्रार्थनाघरात आमोसच्या घराची पाळी आली आणि कुणीच बोललं नाही. याकोबबाबांनी डोळे उघडले. "राहेल कुठं आहे?"

"तापानं फणफणलीय," शेजारीण म्हणाली. "पण तो कुणाला दाराशी उभं करत नाही."

"आपण त्याला विचारायला थोडेच चाललोय? उठा. आजची प्रार्थना तिच्या दारात."

सगळी मंडळी उठली. वाटेत कुणी घरातून पेज घेतली, कुणी लिंबं घेतली.

आमोसनं दार उघडलं आणि अंगणभर माणसं पाहून शरमेनं मेल्याहून मेला झाला. कुणी त्याला काही विचारलं नाही. सगळे जमिनीवर बसले आणि प्रार्थना पहिल्यापासून सुरू झाली. मग शलोमीमावशीची पाळी आली.

"प्रभू, तुझ्या..." मावशी अडली.

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. आमोसनं मात्र तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. विसरलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे त्याला आज कळलं.

"मावशी, चुकलो गं मी," तो म्हणाला. "ही ओळ मलाही म्हणवत नाही. माझ्यासाठी तेवढी म्हण."

मावशीनं डोळे पुसले. "प्रभू, तुझ्या मनात असेल तसं होऊ दे," ती म्हणाली. एका श्वासात, कुठंही न अडता.

प्रार्थना संपली, बाया राहेलपाशी गेल्या. आमोस मावशीजवळ बसला. "आज कशी गं म्हणता आली?"

"तुझ्यासाठी होती म्हणून आली," मावशी म्हणाली. "स्वतःसाठी म्हणायला जाते, तर माझे दोन लेक डोळ्यांपुढे येतात. साथीत गेले रे दोघं, तू तेव्हा रांगत होतास. त्या रविवारी माझं तोंडच उघडेना. मी तुझ्या बापाला म्हटलं, दादा, माझी ओळ तू म्हण. माझं मन थाऱ्यावर येईपर्यंत त्यानं दर रविवारी म्हटली."

आमोसनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

बायांनी आळीपाळीनं राहेलची उस्तवार केली आणि नाताळच्या आत ती हिंडूफिरू लागली. प्रार्थनेनं बरी झाली की पेजेनं, हा वाद गावात पुष्कळ दिवस चालला. आमोस त्यात पडला नाही. दोन्ही त्याच्या दारी आणणारी माणसं एकच होती, आणि दर रविवारी तो त्यांच्यात जाऊन बसू लागला.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा : जी प्रार्थना स्वतःसाठी ओठांवर येत नाही ती दुसऱ्यासाठी येते, म्हणूनच प्रभूनं आपल्याला एकेकटं न ठेवता मंडळीत ठेवलं आहे.