दोन वायरी आणि एक गाणं

वस्तूंना अजून बोलता येत होतं, तेव्हाची ही गोष्ट. गाणं शिकवणाऱ्या कुमुदताई आपल्या दिवंगत बहिणीच्या गाण्याची टेप रोज ऐकत. टेपरेकॉर्डरला स्पीकरशी जोडणारी काळी वायर बरीच जुनी होती.

एकदा त्या बहिणीचा मुलगा, श्रीरंग, महागडी सोनेरी वायर घेऊन आला. "मावशी, हिनं आवाज खुलेल. जुनी टाकून देऊ."

"ऐकलंस ना?" सोनेरी म्हणाली. काळीला रडूच आलं.

"आधी मला फरक तर कळू दे," म्हणत कुमुदताई टेपरेकॉर्डरकडे पाठ करून बसल्या. श्रीरंगनं आळीपाळीनं दोन्ही वायरी जोडल्या. एकदा ताई म्हणाल्या, "हा आवाज मोकळा वाटतो. ही नवी ना?"

ती काळी होती. पुढेही ताईंना ओळखता येईना.

"मग मी कशाला आले?" सोनेरी पुटपुटली.

काळीला हसू येणार होतं, पण आलं नाही. ती म्हणाली, "मलाही इतकी वर्षं वाटायचं, की गाणं माझ्यामुळेच गोड लागतं."

"श्रीरंग, पुरे आता. बस इथं," कुमुदताई डोळे मिटून म्हणाल्या. "तुझी आई गातेय."

श्रीरंगनं हातातली वायर खाली ठेवली. दोन्ही वायरी गप्प झाल्या आणि पहिल्यांदाच गाणं ऐकू लागल्या.