तात्यासाहेबांना सवड नाही

घटस्फोटानंतर कोर्टानं ठरवून दिलं होतं, की मन्मथनं दर रविवारी आपल्या लेकीला तिच्या आईच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यासाहेबांच्या घरी, त्यांच्याच देखरेखीखाली भेटावं. पण बिचारा खाऊ घेऊन दारात गेला, की निरोप ठरलेला, "तात्यासाहेब उद्घाटनाला गेलेत. देखरेख नाही, तर भेट नाही!"

पुढच्या तारखेला मन्मथ न्यायाधीशांसमोर माजी सासऱ्यांचे गोडवे गाऊ लागला, तेव्हा त्याचा वकीलही चक्रावला.

"यांच्यावाचून गावात एक फीत कापली जात नाही, साहेब!"

तात्यासाहेब हरभऱ्याच्या झाडावर चढले. "अहो, रविवारी श्वास घ्यायला सवड नसते!"

"मग एवढ्या मोठ्या माणसाला देखरेखीचा त्रास कशाला? माझी आई रविवारी रिकामीच असते."

न्यायाधीशांनी पेन उचललं, तसे तात्यासाहेब ओरडले, "थांबा! येत्या रविवारी मी घरीच आहे!"