दाराबाहेरचा सुविचार

"सुविचार वाचून पोरं कधी हसतात का, बुवा?"

अवधूतबुवा ताटातले तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आमच्या येळंला तरी न्हाई हसली."

"कुठल्याच वेळेला हसत नाहीत. सव्वीस वर्षं शाळेत काढली मी. सुविचार वाचून पोरं जांभया देतात. ही हसतात!"

बोलणारे होते पद्माकर रेठरेकर, गावच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. नदीकाठच्या या मठात ते दर गुरुवारी येत, बुवांच्या पायांवर डोकं ठेवत आणि पाच मिनिटांत निघत. आज बुधवार होता. डोकं ठेवायचंही ते विसरले होते.

"बसा की," बुवा म्हणाले.

हेडमास्तर बसले. बसण्याआधी त्यांनी कोटाचा आतला खिसा चाचपून पाहिला.

"काय लिवलंय त्या सुविचारात?"

"तेच तर कळत नाही. जर्मनमध्ये आहे."

हे खूळ हेडमास्तरांचंच. खिशात फोन घेऊन फिरण्याच्या फार आधीची ही गोष्ट. जिल्ह्यात कुठल्याच शाळेत नाही ते आपल्या शाळेत हवं, म्हणून त्यांनी संस्थेच्या मागे लागून आठवीपासून जर्मन सक्तीचं केलं. पालकसभेत टेबलावर हात आपटून सांगितलं की परकी भाषा आल्याशिवाय उद्या कुणाचं पान हलणार नाही. पुण्याहून दाबके बाईंना आणलं. ऑफिसच्या दाराबाहेर काळा फळा लावला आणि त्यावर रोज जर्मनमध्ये सुविचार लिहायचा हुकूम काढला. येणारा-जाणारा थबकून बघे. तपासणीला आलेले साहेब तर हात मागे बांधून फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले, मान डोलावली आणि शेरेबुकात 'उत्तम' लिहून गेले. त्यांनी काय वाचलं, देव जाणे.

"प्रार्थना संपली की पोरं फळ्यापाशी थांबतात," हेडमास्तर म्हणाले. "वाचतात. एकमेकांकडे बघतात. मग माझ्या दाराकडे बघतात... आणि फिदीफिदी हसतात."

"बाईस्नी इचारलंत?"

"विचारलं. 'सुविचारच आहे, सर,' म्हणाल्या. आणि बुवा... हे सांगताना त्याही हसल्या."

बुवांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मग?"

"मग काय? उद्या चारला संस्थेची सभा आहे. बाईंना काढायचं पत्र तयार आहे." त्यांनी पुन्हा खिसा चाचपला. "माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही. पण अध्यक्ष पुरावा मागतील."

"बाई कुठं जातील?"

"तो माझा प्रश्न नाही."

"म्हातारी आई हाय म्हनं त्यांच्याजवळ."

"बुवा, माझ्याच दारावर माझीच निंदा लिहायची, तीही माझ्याच खडूने! आणि मी रोज त्या फळ्यासमोरून मान ताठ ठेवून जायचं!" हेडमास्तरांचा आवाज चढला. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. मठात तिसरं कुणी नव्हतं. तरी ते कुजबुजत म्हणाले, "दोन ओळी उतरवून आणल्यात. कालची आणि आजची. दोन्हीत माझ्या आडनावाचं पहिलं अक्षर आहे. आपण लढाईत जर्मनांच्या कैदेत होतात. तीन वर्षं. आपल्याला ती भाषा येत असणार."

त्यांनी डायरी पुढे केली.

बुवांनी ताट बाजूला सारलं, हात पंच्याला पुसले आणि डायरी घेतली. ती लगेच उघडली मात्र नाही.

"किती पोरांना हाय ही भाषा?"

"आठवीपासून वर सगळ्यांना. सक्तीची आहे."

"एकालाबी सूट न्हाई?"

"एकालाही नाही. नापास झाला तर वर्ष गेलं."

"मास्तर लोकास्नी?"

"त्यांनाही शनिवारी तास असतो. माझाच नियम आहे."

"आन् तुमास्नी?"

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. हेडमास्तरांनी त्या आवाजाकडे कान लावल्यासारखं केलं.

"मला कामं असतात, बुवा."

"व्हय, असनारच." बुवांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डायरी डोळ्यांसमोर धरली. "पैली वळ. 'आमच्या हेडमास्तराच्या डोस्क्यात भुस्सा भरलाय.'"

"बघा!" हेडमास्तरांनी मांडीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हतो? बघा!"

राग आला होताच, पण चेहरा उजळला होता. महिनाभर पोटात सलणारं काहीतरी एकदाचं खरं ठरलं होतं.

"दुसरी वळ," बुवा म्हणाले. "'हेडमास्तर लई कडक, पर त्यांच्यामुळं आमास्नी जग दिसलं.'"

हेडमास्तरांचा हात मांडीवरच राहिला.

"असं आहे?"

"आसं हाय."

"नक्की ना? पुन्हा बघा बरं. टोमणा असेल. तिरकस काहीतरी असेल."

"पैलीबी परत बघू?"

"नको. पहिली बरोबर आहे."

बुवांनी डायरी मिटली आणि हेडमास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"हेडमास्तर, मला ही भाषा येत न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी येत न्हाई. अक्षरबी वळखत न्हाई. चष्मा कपाळावर हाय माझा, बघितला न्हाईसा?"

हेडमास्तर लालबुंद झाले. उठायला म्हणून त्यांनी गुडघा वर केला, पण उठले नाहीत.

"माझी थट्टा केलीत."

"केली."

"पण तीन वर्षं तिथे होतात! तीन वर्षांत माणूस काहीतरी शिकतोच."

"न्हाई शिकलो. शिकायचंच न्हाई, आसं ठरवलं हुतं." बुवांनी तांदळाचं ताट पुन्हा ओढलं, पण हात चालेना. "तुमच्या पोरांवानी त्येबी आपसांत बोलायचे, आमच्याकडं बघायचे, हसायचे. मला वाटायचं, आज कुनाला गोळी घालायची ते ठरवत्यात. त्यांचा एक शब्द कानात जाऊ द्यायचा न्हाई. कैद्याजवळ दुसरं काय आसतंय? तेवढंच माझं हुतं."

"बरोबरच होतं आपलं," हेडमास्तर हळूच म्हणाले.

"एक पहारेकरी हुता. म्हातारा. सकाळी बटाट्याचं पानी वाटायचा. माझ्या भांड्यात पळी वतली की एक वाक्य म्हनायचा. रोज त्येच. दुसऱ्या कुनाला न्हाई, मलाच."

"शिवी देत असेल."

"मलाबी तसंच वाटलं. मी रोज तोंड फिरवायचो. शेवटच्या दिवशी छावनी मोडली, पहारेकरी पळाय लागले. ह्यो पळाला न्हाई. तारंपाशी आला, त्येच वाक्य म्हनला... आन् उभा ऱ्हायला. काय तरी वाट बघत ऱ्हायला."

"मग?"

"मी त्याच्या पायाम्होरं थुकलो."

हेडमास्तरांनी मांडीवरची डायरी उचलून बाजूला ठेवली.

"त्यानं खाली बघितलं. मग गेला."

"शिवीच असणार, बुवा. शत्रूच तो."

"आसंल."

"किंवा..." हेडमास्तर थांबले. पुढचा शब्द त्यांना सापडला होता, पण तो बोलून दाखवायची त्यांची तयारी नव्हती.

बुवांनी डोळे मिटले आणि ते वाक्य म्हटलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून, स्तोत्र म्हणावं तसं. तीस वर्षांत त्यातला एक स्वरही त्यांनी सांडू दिला नव्हता.

हेडमास्तरांना काहीच कळलं नाही. त्यांना एकाएकी आपल्या शाळेतली आठवी आठवली. तिथलं कुणीही पोरगं कदाचित उभं राहून याचा अर्थ सांगू शकलं असतं.

"कुणाला विचारलं नाहीत कधी?"

"कुनाला इचारू? ह्या मुलखात कुनाला येत हुती ती भाषा? तुमीच आनलीसा बाईस्नी."

"बाईंना येऊनही तीन वर्षं झाली, बुवा."

"व्हय."

"दर एकादशीला त्या मठात येतात."

"येत्यात. हितंच बसत्यात, तुमी बसलाय तिथं."

"मग का नाही विचारलंत?"

बुवांची बोटं तांदळात नुसती फिरत होती.

"भ्या वाटतं," बुवा म्हणाले. "त्यानं शिवी दिली आसंल तर बरंच हाय... नसंल दिली तर?"

ऊन ओसरीवरून खाली उतरलं होतं. हेडमास्तरांनी खिशातलं पत्र बाहेर काढलं, घडी उघडून वाचलं, पुन्हा घडी घातली. फाडावं की ठेवावं ते त्यांना ठरवता येईना. मनातला संशय गेला नव्हता. फक्त आता तो कुणाविषयी होता, हे नीट सांगता येत नव्हतं.

"बुवा," ते शेवटी म्हणाले, "मी उद्या सही करू की नको? आपण सांगाल तसं."

बुवांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ताटातला पुढचा खडा शोधू लागले.

"बाईस्नी काढायचंच आसंल तर परवा काढा, हेडमास्तर. उद्या मला त्यांना एक वाक्य इचारायचं हाय."