साडेपाचचा प्रकाश

"आणि झोपेतसुद्धा हे मोजत राहतं?"

"झोपेत, अंघोळीत, चालताना... दर पाच मिनिटांनी, भन्ते. सलग चौदा दिवस."

"थकत नाही?"

"नाही."

"लक्ष भरकटत नाही?"

"नाही ना! तुम्ही मला दहाव्या वर्षी शिकवलंत, देहाकडे बघत राहा. मला पाच मिनिटंही जमलं नाही. याला जमतं. खरं सांगू? तुम्हालाही जमणार नाही इतकं जमतं."

बोलून गेल्यावर उत्पल खोब्रागडेनं जीभ चावली. पण भन्ते उपसेन खळखळून हसले आणि खांद्यावरचं चीवर सारून त्यांनी दंड पुढे केला.

"लाव मग. माझ्यापेक्षा हुशार विद्यार्थी बघू तरी."

भंडाऱ्यापासून तासाभरावर, टेकडीवरच्या लहानशा विहारात हे चाललं होतं. लहानपणी उत्पल इथं श्रामणेर शिबिराला, काही दिवस भिक्खू होऊन राहायला, आला होता. आता पुण्याच्या एका कंपनीत तो रक्तातली साखर मोजणारे हे सेन्सर बनवणाऱ्यांपैकी एक होता. आकडे वाचणारा प्रोग्राम त्याच्या हातचा. भन्त्यांना सहा वर्षांपासून मधुमेह. म्हणून पहिल्या तयार पेटीतला एक सेन्सर घेऊन तो रातोरात निघाला होता.

रुपयाएवढी चकती. तिच्या पोटात केसासारखी बारीक तार. टक् असा आवाज झाला आणि ती दंडाला चिकटली.

"झालं?"

"झालं."

"मुंगीसुद्धा याहून जोरात चावते," भन्ते म्हणाले.

तासाभरानं मोबाइलवर आकडा उमटला. एकशे अठ्ठेचाळीस. भन्ते लहान मुलासारखे पुढे सरकले.

अकरा वाजता भोजन झालं. भन्ते दिवसातून एकदाच जेवत. वरण-भात पोटात गेला तशी रेघ चढू लागली. एकशे नव्वद... दोनशे दहा. मग ते अंगणात चालले. रेघ उतरू लागली.

"अरे, हे तर माझ्या पायांचं ऐकतंय!"

उत्पलचा अभिमान छातीत मावेना. आपला प्रोग्राम, आपल्या गुरूच्या अंगावर!

संध्याकाळी भन्ते ध्यानाला बसले. विहाराचा नियम होता, मोबाइल बंद. उत्पलनं तो बॅगेत ठेवला; आकडे चकतीतच साठत राहिले.

साडेपाचच्या त्या बैठकीसाठी तीन गावांतून माणसं टेकडी चढून येत. पाच-सहा वर्षांपूर्वी भन्त्यांनी एकदा सांगितलं होतं, या वेळी आतून प्रकाश येतो, देह उरत नाही. तेव्हापासून गर्दी वाढत गेली होती. त्या वेळी त्यांचा चेहरा चमकायचा. लोक त्याला तेज म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पायरीवर बसून कालची रेघ बघत होते.

"हा भात, भन्ते. हे तुमचं चालणं. ही झोप, बघा कशी सपाट... आणि हा! हा खड्डा बघा! काय स्वच्छ आलाय! एकशे तीसवरून थेट छप्पन्न! असा खड्डा पकडायला आम्ही वर्षभर..."

तो थांबला.

"सत्तरच्या खाली धोका असतो, भन्ते. माणूस बेशुद्ध पडू शकतो. साडेपाचला काय करत होता तुम्ही?"



"...बसलो होतो."

खाली रस्त्यावरून एक एसटी गेली.

उत्पल मनात हिशेब जुळवू लागला. सकाळची मधुमेहाची गोळी, अकराचं एकच जेवण, संध्याकाळी रिकामं पोट. सहा वर्षांची गोळी. सहा वर्षांचा प्रकाश.

"मशीन चुकलं असेल," तो घाईघाईनं म्हणाला. "पहिल्या दिवशी चुकतं कधीकधी."

"काल तर म्हणालास, भरकटत नाही."

"भन्ते..."

"आज पुन्हा बघू." भन्त्यांचे डोळे चमकत होते. "आज मोबाइल चालू ठेव. समोर बस."

"जिवाला धोका आहे!"

"म्हणून तर तू समोर बस."

उत्पलनं मधाची बाटली मिळवली. बोटाला टोचून रक्त तपासायचं यंत्रही बॅगेत होतं, ते काढलं. साडेपाचला तो पहिल्या रांगेत बसला, एका हातात मोबाइल, एका हातात मध. मागे चाळीसेक माणसं.

चौऱ्याऐंशी.

पंच्याहत्तर.

भन्त्यांचा चेहरा निवत गेला. ओठांवर हसू आलं. कपाळ चमकू लागलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "साधू, साधू."

उत्पलनं जवळून पाहिलं. तो घाम होता.

सहासष्ट.

या बैठकीत भन्त्यांना आजवर कुणी हाक मारली नव्हती. आणि ते हसू... इतक्या सुखी माणसाचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मोडायचं हे?

अठ्ठावन्न. मोबाइल किंचाळला.

"भन्ते!"

डोळे मिटलेलेच.

"भन्ते, डोळे उघडा!"

त्यानं त्यांचा खांदा धरून हलवला. मागं एकच गलका झाला. रोज येणाऱ्या सुशीलाबाई गोंडाणे उठून ओरडल्या, "हात नोको लावू ना बाप्पा भन्तेजीले! समाधी मोडते त्याइची!"

"मोडू द्या!"

आपण हे ओरडलो, यावर उत्पलचाच विश्वास बसेना. पण हात थांबला नाही. त्यानं भन्त्यांचं बोट टोचलं. रक्तातला आकडा मोबाइलपेक्षाही खाली होता, एकोणपन्नास. भन्त्यांनी अर्धवट डोळे उघडले. त्यानं चमच्यानं मध त्यांच्या ओठांशी नेला.

"गिळा, भन्ते. माझ्याकडे बघा. गिळा."

त्यांनी गिळला. पुन्हा एक चमचा. पुन्हा एक.

पंधरा मिनिटांनी आकडा वर सरकला. भन्त्यांनी आजूबाजूला पाहिलं, ओल्या कपाळावरून हात फिरवला आणि तो हात निरखत राहिले.

"किती होता?"

"एकोणपन्नास."

"प्रकाश आला होता," ते म्हणाले. "अगदी रोजच्यासारखा."

त्याच संध्याकाळी उत्पलनं भंडाऱ्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळे आकडे वाचून दाखवले. डॉक्टरांनी ती गोळी तिथल्या तिथं बंद केली, दुसरी सौम्य गोळी सांगितली. वर बजावलं, सहा वर्षांत हे गृहस्थ कधीही गेले असते.

उत्पलनं एक माणूस वाचवला होता. तरी दोन दिवस त्याला भन्त्यांच्या नजरेला नजर देववली नाही.

रविवारी पाऊणशे माणसं जमली. उत्पलला धडकी भरली. भन्ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, अशी त्याला मनातून आशा होती. मोठ्या माणसाची लाज झाकलेली बरी.

भन्त्यांनी मोबाइल मागितला. शुक्रवारच्या बैठकीची रेघ उघडून तो सुशीलाबाईंच्या हातात दिला.

"पुढे द्या. सगळ्यांनी बघा. तो खड्डा दिसतो ना? सहा वर्षं तुम्ही त्याला हात जोडत होता. मीही."

मोबाइल हातोहात फिरला. कुणी हसलं नाही.

"म्हंजे तेज नोयतं ते?" सुशीलाबाईंचा आवाज कापरा झाला.

"घाम होता, माई. साखर उतरल्याचा."

"मंग तुमी आमाले सांगतलं ते..."

"चुकीचं सांगितलं. माफ करा."

एवढं बोलून भन्त्यांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं मांडी घातली आणि डोळे मिटले.

उत्पल आकडे बघत होता. एकशे सोळा. एकशे चौदा. रेघ सरळ, शांत. कपाळ कोरडं. चेहरा साध्या म्हाताऱ्या माणसाचा. भन्त्यांनी एकदा गुडघा हलवला. लोकांनी ते पाहिलं. दोघं-तिघं उठून गेले, मग आणखी काही. तास संपला तेव्हा उरलेलेही वंदन करून टेकडी उतरू लागले.

अंगणात दोघंच राहिले.

"भन्ते... आला का आज?"

"प्रकाश? नाही."

"थोडासुद्धा?"

"अंधार होता. गुडघा ठणकत होता."

इतका अभिमान घेऊन उत्पल आला होता, आणि हे करून चालला होता.

"मी तुमचं सगळं काढून घेतलं, भन्ते."

पण भन्ते त्याच्याकडे बघतच नव्हते. ते भिंतीला धरून लगबगीनं उठले, अंगणाच्या कडेला गेले आणि उतरणाऱ्या माणसांकडे वाकून पाहू लागले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"मागच्या रांगेत कुणीतरी बाई खोकत होती, उत्पल. फार खोल खोकला आहे. पळ, गाठ तिला. रोज येत असेल बिचारी... मला आज ऐकू आला."