राजाच्या गळ्यात दोर

एक होती कुंभारीण चुमी, एक होता तिचा नवरा लापू, आणि एक होता राजा, जळलं मेलं त्याचं तोंड! पार समुद्रापलीकडे, मोचे लोकांच्या मुलखात. तिकडे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नुसती वाळू. लिहिणं-वाचणं कुणालाच नाही, राजालासुद्धा. मग निरोप कसा कळायचा? मडक्यावरून, बरं का! साच्यात माती दाबायची नि माणसाचं हुबेहूब तोंड काढायचं. कानात कुड्या असल्या की मोठा माणूस. कान रिकामे नि गळ्यात दोर असला की हरलेला. त्याला देवळावर नेऊन देवाला द्यायचं.

एकदा काय झालं, नदी आटली. राजा म्हणाला, "देवाला माणूस हवा. झुंज लावा. हरेल तो जाईल." आणि लबाडी बघा! राजाच्या माणसांना टणक सोटे, गावच्यांना किडके. पहिल्या साली चुमीचा दीर गेला. मग भाऊ गेला. दोघांची मडकी चुमीनंच घडवायची, वर रडायचंसुद्धा नाही. तिसऱ्या साली लापूचा सोटा मोडला.

राजाचा कारभारी दारात आला. "चुमे, नवऱ्याचं मडकं कर. आणि सणाला गावोगावच्या पाटलांना द्यायला राजाचीही कर."

"आधी कुणाचं करू?"

"राजाचं! विचारतेस काय?"

चुमीचं डोकं असं भणाणलं! माती तिनं मळली नाही, बडवली. राजाच्या साच्यातून मडकी काढली. तेच नाक, तेच फुगलेले गाल. मग कुड्या कापून टाकल्या. आणि एकेका गळ्यात मातीचा दोर वळून बसवला. आवा पेटवला, मडकी भाजली, कापसात गुंडाळली. सणाआधी राजाचं मडकं कुणी उघडून बघायचं नाही, ही राजाचीच रीत. मग कोण बघतंय!

सणाला देवळापुढे पाटील जमले. गळ्यात दोर घालून लापू उभा. मक्याची आंबील आली. पाटलांनी कापूस सोडला.

"अगं बाई, हा तर हरलेला!" एक म्हातारी पाटलीण म्हणाली.

राजा ओरडला, "खोटं आहे! फोडा ती मडकी!"

"का रे?" पाटलीण म्हणाली. "माझ्या लेकाचं मडकं आलं, तेव्हा पाया पडले मी तुझ्या. तू म्हणालास, मडक्यावर आलं ते ठरलं. आता तुझं आलंय."

मग पहारेकऱ्यांनी सोटे खाली टाकले. पाटलिणीनं राजाच्या कानातल्या कुड्या उपसल्या.

"द्या यालाच देवाला!" लोक ओरडले.

"असलं देवाला कशाला?" चुमी म्हणाली. "हाकला!"

मग राजा वाळूतून जो पळाला, तो पुन्हा दिसला नाही.

चुमीनं लापूचा दोर सोडला. त्यानं हळूच विचारलं, "माझं मडकं केलंस?"

"तुमचं? हात झडले असते माझे!"

नदीला पाणी आलं. यायचं तेव्हाच आलं, कुणाला न घेता. मग चुमीला लेक झाली, त्या आनंदात तिनं लापूचं मडकं केलं. कानात कुड्या, आणि तोंडभर हसू. त्यातलं पाणी पिऊन त्या घरची पोरं सुखानं निजायची. आता तुम्हीही घोटभर प्या, आणि मिटा डोळे.