पाळीतला पुनाबाईचा हात

चपला वरच काढा आणि पाळीच्या या सुक्या अंगाला खाली उतरा. जपून, गवत निसरडं आहे. पाळ म्हणजे तलावाचा बांध; आमच्या झाडीपट्टीत पाळच म्हणतात. ही गुडघ्याच्या उंचीवरची दगडी चौकट पाहिलीत? तिला गाव पुनाबाईचा हात म्हणतं. पलीकडे एवढं पाणी थोपवून धरलेलं आणि अलीकडे पाळीला मुद्दाम ठेवलेलं भोक. माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जातो आणि जिथं थांबतो तिथं पाळीचा गाभा लागतो. मोठमोठे इंजिनिअर येतात, हसतात, वेडेपणा म्हणतात. हसू द्या. पाळ त्यांच्या आजोबांच्या आधीपासून उभी आहे.

असं उघडं अंग आमच्या भिवटोल्यात नुसतं पाळीलाच नाही. शाळेच्या भिंतीवर हातभर जागा गिलाव्याविना सोडली आहे, आतल्या विटा दिसतात. सिमेंटच्या रस्त्याची एक बाजू उघडी ठेवली आहे, खाली खडीचा थर किती ते कुणीही वाकून पाहावं. गावाच्या खर्चानं किंवा सरकारच्या, कुठल्याही पैशानं काम होवो, पोट दाखवल्याशिवाय ते आमच्याकडे पुरं झालं असं धरत नाहीत. मागे पाण्याच्या टाकीचा ठेकेदार चिडला. म्हणाला, माझ्या कामावर तुमचा विश्वास नाही का? गावानं त्याला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, नाही. त्याला राग आला, पण आमचा इलाज नव्हता. विश्वास इथं एकदा ठेवून झाला आहे. तो कसा ठेवला आणि त्याचं काय झालं, ते सांगतो.

खूप जुनी गोष्ट, राजांच्या काळातली. त्या वेळी इथं तलाव नव्हता, दोन टेकड्यांच्या मधली खोलगट जमीन होती. धान पोटरीवर यायचं आणि पाण्याविना करपायचं. राजानं सांगितलं म्हणे, की गावानं मिळून पाळ बांधावी, बांधून होईतो सारा माफ. तेव्हा पाळ राजाची नव्हती आणि कुणा एका पाटलाचीही नव्हती. ती साऱ्या गावाची होती. घरटी गाडी, घरटी माणसं आणि घरटी धान, असं ठरलं.

काम कुणाच्या हाती द्यायचं, यावर गाव अडलं. पाळ बांधण्यातला जाणता एकच होता, गणबा. हा गणबा आमचा मूळपुरुष. मी त्याच्याच घरातला आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, मागाहून दुसऱ्या कुणी तुमच्या कानात सांगायला नको. गणबा हुशार होता, बोलायला गोड होता, पण त्याच्या हाती एवढं मोठं काम कधी दिलं नव्हतं. लोक कचरले. तेव्हा त्याची थोरली बहीण पुना पुढं झाली. आई लहानपणीच गेली होती, गणबाला तिनंच कडेवर वाढवलेलं. मातामायच्या, म्हणजे गावदेवीच्या, ओट्यासमोर उभं राहून तिनं सांगितलं, की भावाला मी जामीन.

जामिनाची इथली रीत कडक होती. पाळीला जो जामीन, त्याचं घर पाळीच्या पायथ्याशी. पाळ फुटली तर पाणी पहिल्यानं त्याच्या दारात. म्हणजे तो डोळ्यांत तेल घालून काम पाहील, असा वडीलधाऱ्यांचा हिशोब. पुनानं वरच्या आळीतलं चांगलं घर मोडलं आणि नवरा आणि आठ वर्षांची लेक घेऊन ती या खोलगटात राहायला आली. तुम्ही उभे आहात ना, साधारण तिथंच तिची चूल होती असं सांगतात.

पाळीचं पोट काळ्या चिकण मातीचं लागतं. ती भिजवायची, बैलांच्या पायाखाली दिवसचे दिवस तुडवायची, मग थरावर थर बसवायचा. वरून मुरूम चालतो. पोटात मुरूम घातला तर पाणी आतून वाट काढतं आणि बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडची जमीन सगळी तांबड्या मुरमाची. काळी माती दूर खोलगीच्या नाल्याकाठी, गाडीला दिवसाची एक खेप. दोन उन्हाळे सारं गाव माती ओढत होतं. बैलांचे खूर फाटले. पुनाच्या जोडीतला एक बैल चढावर बसला तो उठलाच नाही. मग दुसऱ्या बैलाच्या जोडीला तिचा नवरा जुवाखाली मान देत होता म्हणे.

आता गाव कुठं चुकलं ते ऐका. ही चूक इथल्याच माणसांनी करावी अशी आहे. गणबानं सांगितलं, की ओली पाळ म्हणजे बाळंतीण. तिच्यावर येणाऱ्या जाणाऱ्याची नजर पडू नये, दृष्ट लागते, भेगा पडतात. लोकांना पटलं. बाळंतिणीची खोली कोण उघडी ठेवतं? मग गावानंच बांबू आणले, गावानंच तट्टे विणले आणि कामाच्या चारी बाजूंनी उभे केले. पहिला तट्टा पुनानं विणला. गाड्या तट्ट्यापाशी थांबायच्या, माती उतरायची, पुढचं काम आत गणबाच्या माणसांचं. आपली माती, आपले बैल, आपली पाळ, आणि आपणच आपल्या डोळ्यांवर पडदा बांधला. मला या लोकांचा राग येतो, आणि त्यांची कीवही येते.

विचारणारा एकच निघाला. उरकुडा नावाचा म्हातारा ढिवर होता, जन्म मासे धरण्यात गेलेला, पाण्याच्या खोड्या ओळखणारा. तो एकदा तट्ट्यापाशी आला आणि म्हणाला, "आत का भरता ते एकदा पाहू द्या ना." गणबा नुसतं तोंड पाडून उभा राहिला. त्याच्या वतीनं पुना बोलली.

"काका, तो माजा भाऊ आहे. तुमाले पाहाचं असन तं माज्या तोंडाकडं पाहा."

भरल्या माणसांत म्हातारा खजील झाला आणि परत गेला. पुन्हा कुणी विचारलं नाही. विचारणं म्हणजे पुनाच्या शब्दाला बट्टा लावणं, असं होऊन बसलं.

पाळ पुरी झाली. तट्टे निघाले, वरून काळी तुकतुकीत पाळ पाहून लोकांनी गणबाला खांद्यावर घेतलं. पहिल्या वर्षी पाऊस बेताचा झाला, तलाव अर्धा भरला. त्याच साली राईपलीकडच्या गणबाच्या नव्या शेतात धान छातीला लागलं. त्याच्या हाताला गुण आहे, असं गाव कौतुकानं म्हणालं. मुरमाड जमिनीत एकट्या त्याचंच शेत काळंभोर कसं, हे कुणाच्या मनातही आलं नाही. आलं असेल तर त्यानं ते गिळलं.

दुसऱ्या वर्षी तलाव काठोकाठ भरला. पोळ्याच्या सुमाराला पुनाच्या परसात, पाळीच्या अंगाला, ओल दिसली. आधी ताटलीएवढी, मग सुपाएवढी. तिनं भावाला बोलावून घेतलं. तो आला, ओलीवर हात ठेवून पाहिला. तिनं सरळ विचारलं, की आत काय घातलं आहेस? तुझ्या मनात काही असेल तर आत्ता सांग, मी गावाला समजावीन. गणबा तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाला, "काळी माती आहे, बाई. तुजी आन."

आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. जिनं वाढवलं तिची शपथ घेतली, आणि खोटी घेतली. एवढंच करून तो थांबला असता तरी एक वेळ मी काही म्हटलं नसतं. भीतीनं माणूस खोटं बोलतो. पण तिच्या घरची भाकर खाऊन तो उठला आणि जाताना, तू इथून वर राहायला ये, एवढे चार शब्दही बोलला नाही. पुना त्या दिवशी निर्धास्त झाली. तिनं ओलीवर शेण सारवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती ताक द्यायला भावाच्या घरी गेली. गणबाचं घरही खालच्याच बाजूला, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दार उघडं होतं. गोठ्यात बैल नव्हते, म्हशी नव्हत्या, दावीसुद्धा सोडून नेलेली. धानाच्या कणगीच्या जागी जमिनीवर नुसतं गोल वळ होतं. शेजारणीनं सांगितलं, की दोन दिवसांपासून तो सगळं टेकडीवर हलवतो आहे. तुला बोलला नाही का?

पुना तिथंच उंबऱ्यावर बसली. मग उठली, घरी आली, पहार घेतली आणि पाळ खणायला लागली. नवरा धावत आला, वेड लागलं का म्हणाला. ती खणतच राहिली. हातभर काळी माती लागली. त्यानंतर पहार खसकन आत गेली. तिनं पहार टाकून हात घातला आणि मूठ बाहेर काढली. तांबडा मुरूम होता, ओला, बोटांतून गळणारा. नवऱ्यानं तो पाहिला आणि दोन्ही हात कपाळाला लावले. त्या मातीसाठी तो जुवाखाली गेला होता.

हाक गेली, सारं गाव जमलं. उरकुडा म्हातारा पुढं झाला, भोकाला कान लावला आणि म्हणाला, की आता ही राहत नाही, पोरं आणि बियाणं घ्या आणि वर चढा. तण्णस, म्हणजे धानाचा पेंढा, कोंबून भोक बुजवावं असं काहींनी सुचवलं. पुनानं आडवा हात घातला. बुजवायचं नाही, आधी सगळ्यांनी पाहायचं. एकेक माणसानं वाकून पाहिलं आणि हातात मुरूम घेऊन तो टेकडीकडे चालायला लागला. कुणी तिला बोल लावला नाही. बोल लावला असता तर तिला सोपं गेलं असतं, असं आमच्या घरात म्हणतात.

नवऱ्यानं लेकीला खांद्यावर घेतलं आणि पुनाला चल म्हणाला. ती हलली नाही. हात खांद्यापर्यंत भोकात घालून तिथंच बसून राहिली.

"गणबाले बोलवा. त्याले म्हना, इतं येऊन हात घाल अन् साऱ्याईच्या समोर सांग, का आहे ते. मंग मी येतो."

माणूस पळत गेला. गणबा टेकडीवर होता, आपल्या बैलांच्या मधे उभा. निरोप त्याला पोचला. तिथून पुना दिसत होती. भर दुपार होती, ऊन पडलं होतं, हिरव्या पाळीवर तिचं लुगडं स्पष्ट दिसत होतं. नवऱ्यानं लेकीला वर सोडलं आणि तो पुनाला ओढून आणायला परत उतरायला लागला. गणबानं एक पाऊल टाकलं असतं, नुसतं हो म्हटलं असतं, तरी ती वर आली असती. त्यानं बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि नजर दुसरीकडे वळवली. हे साऱ्या गावानं पाहिलं. एवढ्यात पाळीतून आवाज आला आणि पुना होती तिथं पाणी होतं. नवरा अर्ध्या वाटेवरून पाहत राहिला.

काही म्हणतात, ती सापडलीच नाही. काही म्हणतात, खोलगीच्या नाल्याशी सापडली, मूठ मिटलेली, आणि मुठीत मुरूम. मला विचाराल तर मला पहिलं खरं वाटतं. मूठ वगैरे लोकांनी मागाहून जोडलं असेल. दुःखात माणसाला काहीतरी हातात लागतं.

गावानं गणबाला मारलं नाही. हाकललंही नाही. त्याच्याच शेतातली काळी माती खरवडून काढली, खाली मूळचा मुरूम उघडा पडेपर्यंत, आणि त्याच्याकडूनच पाळ परत बांधून घेतली. या वेळी तट्टा नव्हता. ज्याला वाटेल त्यानं यावं, थरावर उभं राहावं, पाय रोवून पाहावा. बायका कामं आटोपून यायच्या आणि काठावर बसून राहायच्या. कुणी शिवी देत नव्हतं. नुसतं पाहत होते. त्यात त्याचे केस पिकले.

पाळ उभी राहिली तेव्हा ही चौकट बसवली, पुनानं खणलं होतं त्याच जागी. गाव जमलं. ठरलं होतं, की बांधणाऱ्यानं सांगायचं, आत काय घातलं आहे. गणबा चौकटीपाशी आला, हात जोडले आणि तोंड उघडलं. तेवढ्यात पुनाची लेक गर्दीतून पुढं झाली. आता ती बारा वर्षांची होती. ती म्हणाली, "मामा, तू नोको सांगू."

आणि तिनं स्वतः हात घातला. तिच्यामागून उरकुडानं घातला, मग साऱ्या गावानं, एकेकानं. संध्याकाळ झाली. गणबा तोवर तिथंच उभा होता, तोंडातला शब्द तोंडात ठेवून. त्यानंतर तो बोलला असं कुणी सांगत नाही.

आजही भिवटोल्यात कुणी कुणाला जामीन राहत नाही, आणि भाऊबीजेला बायका आधी इथं येऊन हात घालतात, मग ओवाळायला जातात. आजही तलाव दाखवायचं, ही गोष्ट सांगायचं काम आमच्याच घराकडे आहे. माझ्या आज्यानं केलं, बापानं केलं, मी करतो. गोष्ट सगळी सांगायची, काही लपवायचं नाही, अशी आम्हाला गावाची आज्ञा आहे. पण या चौकटीच्या आत आज काय आहे, ते आमच्या घरातल्या माणसानं सांगायचं नाही. सांगितलं तरी कुणी ऐकून घेणार नाही, आणि तेच बरोबर आहे. तुम्ही मघापासून माझ्याकडे पाहताय. माझ्याकडे पाहू नका. बाही वर सारा आणि हात घाला.